ताकद उतरली, मागणी चढली: पाँटियाक ट्रान्स अ‍ॅमची गोष्ट

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराजवळच्या या भागात शनिवारी सकाळी घरोघरी गवत कापायची यंत्रं सुरू होतात, तेव्हा आजोबा गॅरेजचं दार वर करतात. आत १९७७ सालची काळी पाँटियाक ट्रान्स अ‍ॅम उभी असते. अंगावर सोनेरी रेघा, सोनेरी चाकं आणि बॉनेटभर पंख पसरलेला सोनेरी पक्षी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चालता चालता थबकलो. आजोबांनी हात करून जवळ बोलावलं, बॉनेटवरच्या काळ्या उंचवट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "नजर इथेच ठेव."

बॉनेटच्या मधोमध चौकोनी भोक आहे आणि त्यातून तो उंचवटा वर आलेला आहे. त्याला शेकर म्हणतात. आजोबा आत बसले, किल्ली फिरवली आणि गाडी जागेवरच ठेवून अ‍ॅक्सलरेटर जरासा दाबून सोडला. बॉनेट हललं नाही, पण उंचवटा झटक्यात एका अंगाला कलला आणि पुन्हा सरळ झाला. तो बॉनेटला नव्हे, थेट इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेला असतो. इंजिनाचा आतला दांडा एका दिशेने जोरात फिरला, की रबरी आधारांवर बसलेलं सगळं इंजिन उलट दिशेला कलतं. हातातलं ड्रिल मशिन सुरू होताना मनगटाला उलटा हिसका बसतो ना, तसंच. एरवी बॉनेटखाली झाकून राहणारा हा हिसका या गाडीत चालकाला काचेतून सतत दिसतो.

त्या दिवसापासून मी या गाडीबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि एका कोड्यात अडकलो. १९७० सालच्या ट्रान्स अ‍ॅमची जाहीर ताकद होती ३४५ अश्वशक्ती. आजोबांच्या १९७७ च्या गाडीची, तेही त्या वर्षीच्या सर्वांत दमदार इंजिनासह, २००. म्हणजे सात वर्षांत कागदावरची जवळजवळ दीडशे अश्वशक्ती गेली. आता विक्री बघा. १९७० साली ३,१९६ गाड्या. १९७२ साली फक्त १,२८६. आणि १९७७ साली ६८,७४५! १९७९ साली तर १,१७,१०८. वेगासाठी घ्यायची गाडी कागदावर मंदावत गेली, आणि लोक मात्र तिच्यावर तुटून पडले. असं का झालं, ते समजून घ्यायचं तर सत्तरच्या दशकातली अमेरिका आणि इंजिनाची थोडी अक्कल, दोन्ही लागतात.

घराणं कोणतं?

पाँटियाक ही जनरल मोटर्सची एक शाखा होती. शेव्हरोले, ओल्ड्समोबिल, ब्युइक, कॅडिलॅक या तिच्या बहिणी. (जनरल मोटर्स हे नाव मुंबईलाही जुनं आहे. १९२८ पासून शिवडीत त्यांचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता आणि तो पन्नाशीच्या दशकापर्यंत चालला.) पाँटियाक मुळात बेताच्या, बिनचेहऱ्याच्या गाड्यांसाठी ओळखली जायची. १९६४ साली त्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि तरुणांनी ती डोक्यावर घेतली. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार' नाव पडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग आणली: लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, परवडणारी किंमत. तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सने एकाच सांगाड्यावर दोन गाड्या काढल्या. शेव्हरोलेची कमॅरो आणि १९६७ च्या फेब्रुवारीत आलेली पाँटियाकची फायरबर्ड.

ट्रान्स अ‍ॅम म्हणजे याच फायरबर्डचं सगळ्यांत तिखट रूप. १९६९ च्या मार्चमध्ये ते आलं आणि त्या वर्षी जेमतेम ६९७ गाड्या निघाल्या. पांढरा रंग, निळे पट्टे. नाव घेतलं होतं अमेरिकेतल्या ट्रान्स-अमेरिकन शर्यतींवरून. नाव वापरल्याबद्दल दर गाडीमागे ५ डॉलर शर्यतींच्या आयोजक संस्थेला द्यावे लागत. त्या शर्यतीत इंजिनाची मर्यादा होती सुमारे ५ लिटर, आणि ट्रान्स अ‍ॅमचं इंजिन होतं ६.६ लिटरचं. त्यामुळे जिच्या नावाने गाडी विकली जात होती, त्या शर्यतीत हे इंजिन घेऊन उतरणं शक्यच नव्हतं.

६.६ लिटर म्हणजे किती, याचा अंदाज आपल्याला सहज येत नाही. आठ सिलिंडरांत वाटलं तर एकेका वाट्याला सुमारे ८२० सीसी येतात. आपल्या मारुती ८०० चं सगळं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे ट्रान्स अ‍ॅमचा एक सिलिंडर अख्ख्या मारुतीच्या इंजिनापेक्षा मोठा.

वळणावर न झुकणारी

१९७० च्या फेब्रुवारीत फायरबर्डचा दुसरा अवतार आला आणि माझ्या मते खरी ट्रान्स अ‍ॅम इथून सुरू होते. बिल पोर्टर यांच्या स्टुडिओत घडलेला तो आकार आजही जुना वाटत नाही. मागच्या बाजूच्या खिडक्याच काढून टाकल्या, दार लांबलचक केलं, आणि छप्पर मागे एका ओघात उतरवलं. पत्र्यावर उगाच नक्षी नाही, चकचकीत पट्ट्या नाहीत. हाच सांगाडा १९८१ पर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षं चालला. त्या काळातल्या अमेरिकन कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी गाडीचा चेहरामोहरा बदलायच्या, हे लक्षात घेतलं तर या आकाराची ताकद कळते.

मसल कार म्हटलं की सरळ रस्त्यावर सुसाट आणि वळण आलं की धांदल, अशी ख्याती होती. ट्रान्स अ‍ॅम तिथे वेगळी निघाली, आणि त्याचं मोठं श्रेय पाँटियाकचे अभियंते हर्ब अ‍ॅडम्स यांना जातं. घाटात एसटी वळते तेव्हा सगळे प्रवासी एका अंगाला झुकतात, कारण गाडीचं धूड बाहेरच्या चाकांवर लोटलं जातं. हे झुकणं रोखायला डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीला आडवा पोलादी दांडा बांधतात. एक बाजू दबली की दांडा पिळला जातो आणि दुसऱ्या बाजूलाही खाली ओढतो, त्यामुळे गाडी सपाट राहते. ट्रान्स अ‍ॅमच्या पुढच्या बाजूला हा दांडा सव्वा इंच जाडीचा होता. साध्या गाडीला एवढा जाड दांडा बसवला तर खड्ड्यांत हाडं खिळखिळी होतील. पण अ‍ॅडम्स यांनी स्प्रिंगा बेताच्या ठेवल्या आणि झुकणं रोखायचं काम दांड्यावर सोपवलं. मागे मात्र अखंड अ‍ॅक्सल आणि पाटेच होते, आपल्याकडच्या जुन्या जीपसारखे. चाकांपुढची पत्र्याची छोटी ओठं आणि डिकीवरची उभी पट्टी ही शोभा नव्हती. वेगात गाडीखालून आणि वरून जाणारी हवा वळवून गाडीला रस्त्याशी चिकटवून ठेवायचा तो प्रयत्न होता.

अश्वशक्ती गेली कुठे?

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

पगाराचा कागद हातात घ्या. वरचा आकडा वेगळा आणि बँकेत जमा होणारा वेगळा. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जो आकडा छापायच्या तो वरचा. इंजिन गाडीतून काढून चाचणीच्या स्टँडवर ठेवायचे, त्याला डायनॅमो नाही, हवेची गाळणी नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही, आणि जास्तीत जास्त ताकद मोजायची. १९७२ पासून सगळं जोडून, गाडीत असतं तसं मोजायला लागले. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले, म्हणून फरक नेमका कळतो: त्या वर्षीच्या ट्रान्स अ‍ॅमचं ४५५ घनइंची, म्हणजे ७.५ लिटरचं इंजिन जुन्या मापाने ३३५ अश्वशक्तीचं आणि नव्या मापाने ३०५ चं. इंजिन तेच, स्क्रूसुद्धा बदललेला नाही. म्हणजे हरवलेल्या ताकदीतला एक भाग मुळात कागदावरच होता.

उरलेला भाग खरा. त्याची कहाणी शिशापासून सुरू होते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये जितकं घट्ट दाबावं, तितका स्फोट जोरात. पण फार दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच मिश्रण नको तिथे आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके मारतं. आपल्याकडे घाट चढताना जुनी गाडी 'नॉक करते' म्हणतात, तेच. हे टाळायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत. १९७० च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. गाडीच्या धुरातले घातक वायू ९० टक्क्यांनी कमी करायचे होते. त्यासाठी धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निवळणारा डबा, बसवावा लागणार होता, आणि शिसं लागलं की त्याचा आतला धातूचा थर निकामी होतो. म्हणजे शिसं जाणार, आणि शिसं गेलं की दाब कमी करणं आलं. जनरल मोटर्सने १९७१ पासूनच आपल्या इंजिनांचा दाब उतरवला. पूर्वी मिश्रण सुमारे साडेदहा पट दाबलं जायचं, ते साडेआठ पटींच्या आसपास आलं. ताकद तिथे गेली.

हा कायदा चुकीचा होता असं मला वाटत नाही. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम आज सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीप्रेमी मंडळी त्या कायद्याला शिव्या घालतात तेव्हा मला ते पटत नाही. पण अभियंत्यांसमोर अचानक केवढा डोंगर उभा राहिला असेल, हेही समजून घ्यायला हवं.

मरता मरता वाचली

१९७२ हे वर्ष ट्रान्स अ‍ॅमसाठी सगळ्यांत वाईट. आमच्या इथून गाडीने थोड्याच अंतरावर असलेल्या नॉरवुडमध्ये तिचा कारखाना होता. तिथे कामगारांचा संप झाला आणि तो १७४ दिवस चालला. पट्ट्यावर अर्धवट गाड्या तशाच उभ्या राहिल्या. संप मिटला तोवर १९७३ चं वर्ष तोंडावर आलं होतं, आणि नव्या नियमांनुसार पुढच्या बंपरने ताशी ८ किलोमीटरची धडक दिवे वगैरे न मोडता सोसायला हवी होती. त्या अर्धवट गाड्या या नियमात बसत नव्हत्या. हजाराहून जास्त गाड्या भंगारात काढाव्या लागल्या. कंपनीच्या वरच्या मजल्यावर चर्चा सुरू झाली की कमॅरो आणि फायरबर्ड दोन्ही बंदच करून टाकूया. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते आधीच वाढवून ठेवले होते आणि तरुण गिऱ्हाईक पळालं होतं. हिशेबाने बघितलं तर बंद करणंच शहाणपणाचं होतं.

कंपनीतल्या काही माणसांनी गाडीची बाजू लावून धरली म्हणून ती टिकली. आणि टिकल्यावर पुढच्याच वर्षी पाँटियाकच्या अभियंत्यांनी एक अचाट गोष्ट केली. सगळे जण इंजिनं मऊ करत होते तेव्हा त्यांनी सुपर ड्यूटी ४५५ काढलं. शर्यतीच्या इंजिनासारखा जाडजूड ब्लॉक, घडीव कनेक्टिंग रॉड, आतून नव्याने आखलेल्या हवेच्या वाटा. सुरुवातीला ३१० अश्वशक्ती जाहीर झाली, पण धुराच्या चाचणीमुळे कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बदलावा लागला आणि आकडा २९० वर आला. तोही नव्या, हातात पडणाऱ्या मापाने! पावमैलाचं अंतर ही गाडी १४ सेकंदांच्या आत कापायची. १९७३ साली हे इंजिन घातलेल्या ट्रान्स अ‍ॅम निघाल्या फक्त २५२, आणि १९७४ साली ९४३. आज त्यातली एखादी लिलावात आली तर लोक कागदपत्रं भिंगाखाली धरून तपासतात.

त्याच १९७३ साली बॉनेटवर तो पक्षी उतरला. फायरबर्ड म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या चित्रांतला अग्निपक्षी. त्याचं छोटं चिन्ह गाडीवर आधीपासून होतं. बॉनेटभर पक्षी काढायची कल्पना जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांनी आधी धुडकावली होती. जॉन शिनेला यांनी तो नव्याने रेखाटला आणि मंजूर करून घेतला. ५५ डॉलर जादा मोजले की मिळायचा. लोकांनी लाडाने त्याचं नाव ठेवलं 'किंचाळणारी कोंबडी'. मला विचाराल तर गाडीच्या यशात या चिकटचित्राचा वाटा इंजिनाइतकाच आहे. गाडीच्या अंगावर एवढं मोठं चित्र कारखान्यातून घेऊन बाहेर पडायचं म्हणजे धाडसच.

मैदान रिकामं झालं

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं. पिंपाचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. मैलोन्‌मैल सरळसोट, रिकाम्या रस्त्यांवर ८८!

मोठ्या इंजिनाच्या गाड्या एकामागून एक मैदान सोडून गेल्या. डॉज चॅलेंजर, प्लिमथ बाराकुडा आणि एएमसी जॅव्हलिन १९७४ मध्ये संपल्या. मस्टँग आखडून छोटी झाली. कमॅरोने आपलं तिखट रूप, झेड/२८, १९७४ नंतर काढून टाकलं आणि ते परत आलं १९७७ मध्ये. ज्याला लांब बॉनेटची, आठ सिलिंडरांची, डोळ्यांत भरणारी अमेरिकन गाडी हवी होती, त्याला जायला एकच दुकान उरलं. विक्रीचा आलेख इथून चढतो: १९७४ साली १०,२५५, पुढच्या वर्षी २७,२७४. त्या १९७५ च्या गाडीची ताकद १८५ अश्वशक्तीवर आली होती, तरीही!

कोड्याचं निम्मं उत्तर इथे आहे. लोकांनी ३४५ आणि १८५ ची तुलना केलीच नाही. शोरूममध्ये उभं राहून त्यांनी १८५ ची तुलना त्या वर्षी मिळणाऱ्या इतर गाड्यांशी केली, आणि त्या सगळ्यांचीच ताकद गेली होती. शिवाय वळणावरची पकड कुठल्याच कायद्याने हिरावून घेतली नव्हती.

उरलेलं निम्मं उत्तर काळ्या-सोनेरी रंगात आहे. १९७६ साली पाँटियाकला ५० वर्षं झाली म्हणून त्यांनी काळी ट्रान्स अ‍ॅम काढली. सोनेरी रेघा, सोनेरी चाकं, आतलं स्टिअरिंगसुद्धा सोनेरी आऱ्यांचं. काहींना छताचे दोन काचेचे तुकडे काढून ठेवायची सोय, तिला टी-टॉप म्हणतात. पुढच्या वर्षी गाडीचं तोंड बदललं, चार चौकोनी दिवे आले, आणि ते तोंड मे १९७७ मध्ये पडद्यावर झळकलं. 'स्मोकी अँड द बँडिट' या चित्रपटात बर्ट रेनॉल्ड्स ही गाडी पळवतो. कथा एवढीच, की अटलांटाहून टेक्सासच्या सीमेवर जाऊन बिअर भरलेला ट्रक २८ तासांत परत अटलांटाला आणून पोचवायचा, आणि पोलिसांचं लक्ष ट्रकवरून उडवायला ही काळी गाडी पुढे पळत राहणार. ८८ च्या मर्यादेला कंटाळलेल्या, ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओवर 'पुढे पोलीस आहेत' असं एकमेकांना कळवणाऱ्या देशाला तो चित्रपट आपला वाटला नसता तरच नवल. त्या वर्षी सर्वाधिक कमाई केलेल्या चित्रपटांमध्ये तो होता. पुढच्या वर्षी ट्रान्स अ‍ॅमची विक्री ९३,३४१ वर गेली.

चालवताना काय होतं?

आजोबांनी एकदा शेजारच्या सीटवर बसवून फिरवून आणलं. डॅशबोर्डवर गोल गोल घासल्याच्या खुणा असलेला धातूसारखा पत्रा, ऊन पडलं की भिरभिरतो. सीट इतकी खाली, की पाय पसरून जमिनीवरच बसलोय असं वाटतं. समोर बॉनेट संपतच नाही आणि मध्ये तो शेकर उभा.

रिकाम्या रस्त्यावर पोचेपर्यंत ते अगदी हळू चालवत होते. इंजिन गुरगुरत होतं, सलग नाही, अडखळत. हा अमेरिकन व्ही-८ चा खास आवाज. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत असतात. दोन्ही रांगा मिळून ठिणग्या समान अंतराने पडतात, पण एकेका रांगेत बघितलं तर त्या मागे-पुढे पडतात. प्रत्येक रांगेचा धूर आपापल्या नळीतून निघतो, म्हणून नळीत हवेचे धक्के कधी जवळजवळ, कधी लांब. त्याचीच ती गुरगुर.

मग आजोबा म्हणाले, "आता ऐक." आणि अ‍ॅक्सलरेटर तळापर्यंत दाबला. आधी गाडी नुसतीच पुढे झाली. मग क्षणभराने बॉनेटखालून 'भ्वाऽऽ' असा घशातला आवाज आला, पाठ सीटमध्ये रुतली आणि शेकर एका अंगाला कलला तो कललेलाच राहिला. त्या क्षणभराच्या विलंबाचं कारण कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात आहे. तिथे क्वाड्राजेट नावाचा चार तोंडांचा कार्बोरेटर असतो. पुढची दोन तोंडं बारीक, रोजच्या चालीसाठी, म्हणजे पेट्रोल कमी लागतं. मागची दोन चांगली रुंद, ती एरवी बंद असतात. पाय पूर्ण दाबला की ती उघडतात, पण त्यांच्यावर हवेने ढकलायची एक झडप असते आणि ती इंजिन मागेल तेवढीच सावकाश वर होते. ती उघडली की इंजिन एकदम मोठा श्वास घेतं. ऐकू येतो तो आवाज त्या श्वासाचा. स्टॉपवॉच लावलं तर आजची एखादी साधी फॅमिली गाडीही हिच्या पुढे जाऊ शकेल. पण तेव्हा मला वेगाची आठवणसुद्धा झाली नाही.

आजोबांच्या शेकरचं हवा आत घ्यायचं मागचं तोंड त्यांनी स्वतः कापून उघडलं आहे. १९७३ पासून आवाजाच्या नियमांमुळे कंपनी ते बंद करून द्यायची, म्हणजे नाक होतं पण श्वास नव्हता. बहुतेक मालकांनी पहिल्याच आठवड्यात आरी घेतली, असं ते सांगतात.

इंजिन कुणाचं, हे कसं ओळखायचं?

हा भाग गाडी विकत घेणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे, आणि गंमत म्हणूनही कळण्यासारखा. १९७७ च्या ट्रान्स अ‍ॅममध्ये दोन वेगळ्या घराण्यांची इंजिनं यायची. एक पाँटियाकचं स्वतःचं, ४०० घनइंचाचं. दुसरं ओल्ड्समोबिलचं, ४०३ चं. कॅलिफोर्नियात आणि उंचावरच्या प्रदेशात धुराचे नियम पाळायला पाँटियाकचं इंजिन अडचणीचं पडायचं, म्हणून तिथे ओल्ड्सचं. दोन्ही लिटरमध्ये ६.६. बाहेरून ओळखायचं तर शेकरवरची अक्षरं वाचा. 'टी/ए ६.६' लिहिलं असेल तर आत पाँटियाकचं २०० अश्वशक्तीचं खास इंजिन. नुसतं '६.६ लिटर' असेल तर पाँटियाकचं १८० चं साधं किंवा ओल्ड्सचं १८५ चं.

आज वाचताना हा कीस वाटेल, पण तेव्हा लोकांना ते मनाला लागायचं. ओल्ड्समोबिल म्हणून घेतलेल्या गाडीत शेव्हरोलेचं इंजिन निघालं म्हणून त्याच सुमारास ग्राहक जनरल मोटर्सविरुद्ध कोर्टात गेले होते. इंजिन म्हणजे घराण्याचं रक्त, ही भावना खरी होती.

अक्षरं मात्र चिकटवता येतात. नंबर खोटा पाडणं अवघड. पुढच्या काचेच्या खाली, चालकाच्या बाजूला एक पट्टी असते. सुरुवातीचा २ म्हणजे पाँटियाक, पुढचं अक्षर डब्ल्यू म्हणजे ट्रान्स अ‍ॅम, मग ८७ म्हणजे दोन दारांची. त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं: झेड असेल तर पाँटियाकचं ४००, के असेल तर ओल्ड्सचं ४०३. मग ७ म्हणजे १९७७. आणि त्यापुढे एन असेल तर नॉरवुड, एल असेल तर कॅलिफोर्नियातलं व्हॅन नायस. काळा-सोनेरी रंग मात्र या नंबरात कुठेच नोंदलेला नसतो, त्यासाठी कारखान्याची मूळ कागदपत्रं लागतात. चित्रपटामुळे नंतर कितीतरी साध्या ट्रान्स अ‍ॅम काळ्या रंगवल्या गेल्या, त्यामुळे कागद बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

शेवटची वर्षं

१९७८ साली २०० चे २२० झाले आणि वळणावरच्या पकडीसाठी डब्ल्यूएस६ नावाचा नवा संच आला: आठ इंच रुंद चाकं, मागे जाड दांडा, चपळ स्टिअरिंग. पण पाँटियाकचं ४०० इंजिन बनवणं थांबलं होतं. साठवून ठेवलेली शेवटची इंजिनं १९७९ मध्ये चार गिअरच्या गाड्यांना मिळाली. तेच सर्वाधिक विक्रीचं वर्ष. त्याच वर्षी इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचं दुसरं संकट आलं. १९८० मध्ये ४.९ लिटरचं टर्बो इंजिन देऊन पाहिलं, पण ते जुन्या इंजिनाची सर गाठू शकलं नाही. १९८१ मध्ये हा आकार संपला. नॉरवुडचा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला, फायरबर्ड २००२ मध्ये, आणि २०१० मध्ये पाँटियाक हे नावही गेलं.

आजोबांच्या पट्टीवर झेड आहे आणि एन आहे. गाडी नॉरवुडहून इथवर आली तेव्हा त्यांनी घेतली आणि तेव्हापासून इथेच आहे. या गाड्यांना गंज लागतो तो मागच्या काचेच्या खालच्या कडेला आणि पुढचा सांगाडा जिथे बोल्टने जोडतात तिथे, म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलं की ती गॅरेजबाहेर पडत नाही. टी-टॉपच्या रबरातून तर पाणी गळतंच, नव्या गाडीतही गळायचं. परवा दुपारी आभाळ भरून आलं, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. आजोबा गाडीपाशी होते. छताच्या दोन्ही काचा बसवून झाल्या होत्या, आणि ते एक जुना टॉवेल नीट घडी घालून सीट आणि दार यांच्या फटीत दाबून बसवत होते.